रात्रीच्या डीजेची तक्रार: कुठून सुरू करायची, काय लिहायचं आणि लोक कुठे चुकतात

गेल्या तीन वर्षांत मला किमान पंधरा-वीस जणांनी विचारलंय की ताई तुमच्या मागच्या लॉनचा आवाज कसा काय बंद झाला, आम्ही तर दहा वेळा फोन केले, गाडी येते, पाच मिनिटं आवाज कमी होतो आणि गाडी वळली की परत सुरू. सगळ्यांशी बोलल्यावर लक्षात येतं की चुका त्याच त्याच आहेत. फोन होतो पण नोंद राहत नाही, अॅपवरचा सगळ्यात मोठा आकडा सगळीकडे फॉरवर्ड होतो पण अर्ज कुणी देत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं शांत झालेलं असतं त्यामुळे आपणही गप्प बसतो. म्हणून एकदाच सगळं क्रमाने लिहितेय. क्रम महत्त्वाचा आहे, मधली पायरी गाळू नका.

आमच्या घरी सासूबाई ७६ वर्षांच्या, बीपीची गोळी चालू. बेस वाजायला लागला की त्यांच्या खोलीतल्या कपाटावरच्या स्टीलच्या डब्याचं झाकण तडतडायचं, बारीक, एकसारखं. त्या अंधारात उठून त्या झाकणावर घडी केलेला रुमाल ठेवायच्या आणि मग पलंगाच्या कडेला तशाच बसून राहायच्या. मला "त्रास होतोय" असं एकदाही म्हणाल्या नाहीत. ते बघूनच मी हे काम हातात घेतलं.

## आधी हे डोक्यात पक्कं करा

ध्वनी प्रदूषण नियम २००० सालचे आहेत, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ खाली केलेले. त्यात सामान्य माणसाला तक्रार करायचे दोन रस्ते दिलेत आणि लोक नेमके ह्यातच गोंधळतात.

पहिला रस्ता म्हणजे ठरवून दिलेल्या पातळीपेक्षा आवाज १० डेसिबल किंवा त्याहून जास्त वर गेलाय. इथे मोजणी लागते.

दुसरा रस्ता म्हणजे रात्रीचे निर्बंध मोडलेत. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. ह्या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकर, अॅम्प्लिफायर, वाद्य, आवाज करणारं कुठलंही साधन वाजवायला बंदी आहे. इथे डेसिबलचा प्रश्नच येत नाही, घड्याळ पुरतं.

हे नीट वाचा कारण रात्री सव्वाअकराला "आमच्याकडे मशीन नाहीये, मोजल्याशिवाय कसं काय करणार" असं उत्तर मिळालं की माणसं फोन ठेवून देतात. मोजायचं नाहीचये. दहा वाजून गेलेत आणि उघड्या लॉनवर स्पीकर चालू आहे, एवढीच तक्रार आहे. ढोल-ताशा पण ह्यातच आला, तो विजेवर चालत नाही म्हणून सुटत नाही.

सूट कशाला आहे तर बंद सभागृहात, आतल्या आत ऐकू जाण्यापुरतं. उघडं लॉन, टेरेस, सोसायटीचं पार्किंग, रस्त्यावरचा मांडव ह्या बंद जागा नाहीत. आणि वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सणासमारंभांसाठी रात्री १२ पर्यंत सवलत देता येते, त्या दिवसांची यादी जिल्ह्याजिल्ह्यात जाहीर होते.

सावधान: त्या १५ दिवसांत वेळेची सवलत असते, आवाजाची नाही. पातळी त्या दिवशीही तीच. आणि ही सवलत सार्वजनिक सणांसाठी आहे, एखाद्याच्या लग्नाची वरात त्यात बसत नाही.

## १. आवाज कुठला आणि जागा कुठली, आधी ते ठरवा

नियमातल्या पातळ्या अशा आहेत, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा:

- औद्योगिक भाग: दिवसा ७५, रात्री ७०
- व्यापारी भाग: दिवसा ६५, रात्री ५५
- निवासी भाग: दिवसा ५५, रात्री ४५
- शांतता क्षेत्र: दिवसा ५०, रात्री ४०

शिवाय सार्वजनिक ठिकाणी स्पीकर लावला तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या पातळीपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५, ह्यातलं जे कमी असेल तेवढाच. खासगी जागेतली साउंड सिस्टीम असेल तर हद्दीवर फक्त ५ डेसिबल जास्त चालतं. म्हणजे निवासी भागातल्या खासगी लॉनला दिवसासुद्धा कुंपणाशी ६० च्या वर जाता येत नाही. "आमची प्रायव्हेट प्रॉपर्टी आहे" हे उत्तर आलं की हा नियम दाखवायचा. आणि लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागतेच, जागा कुणाचीही असो.

आवाज कुठून येतोय त्यावर कुणाकडे जायचं ते ठरतं. स्पीकर, डीजे, वाद्यं, फटाके असतील तर पोलीस. रात्री चालणारी बांधकामाची मशिनरी असेल तरी रात्रीपुरतं पोलीसच, निवासी भागात तशी यंत्रं रात्री चालवायला बंदी आहे, पण दुसऱ्या दिवशी महापालिकेतही कळवा कारण बांधकामाची परवानगी त्यांची असते. जनरेटर किंवा कारखाना असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. १००० केव्हीएपर्यंत क्षमतेच्या डिझेल जनरेटरला आवाजबंद पेटी असावी लागते आणि १ मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे.

रस्त्यावरच्या रोजच्या ट्रॅफिकच्या आवाजाला ही पद्धत लागू पडत नाही. त्यासाठी शेवटचा भाग वाचा.

तपासा: जवळ हॉस्पिटल किंवा शाळा आहे म्हणून लोक परस्पर "शांतता क्षेत्र" असं लिहितात. २०१७ च्या दुरुस्तीनंतर सरकारने अधिसूचना काढून जाहीर केलेलं असेल तरच ते शांतता क्षेत्र धरतात, नुसतं १०० मीटरच्या आत असणं पुरत नाही. महापालिकेत विचारा. जाहीर नसेल तर निवासी भाग म्हणूनच तक्रार करा, तीही पुरेशी मजबूत असते. चुकीचा शब्द घातला की अर्ज त्याच मुद्द्यावर निकाली निघतो.

## २. आठ-दहा दिवसांची वही

एक साधी शंभर पानी वही घ्या. मोबाईलमधल्या नोट्स नकोत, वही दाखवता येते, झेरॉक्स काढता येते आणि घरातलं कुणीही लिहू शकतं.

दर रात्रीची एक नोंद: तारीख, आवाज कधी सुरू झाला, कधी बंद झाला, काय वाजत होतं, घरातल्या कुठल्या खोलीत कसं ऐकू येत होतं, फोन केला का, किती वाजता, काय उत्तर मिळालं. आणि तब्येतीचा एक रकाना, जो सगळेजण विसरतात.

झोप लागलेली असली तरी कान चालूच असतात. मोठा आवाज आला की माणूस जागा झाला नाही तरी नाडी वाढते, रक्तदाब चढतो, अंगात ताणाचे हार्मोन सुटतात, आणि सकाळी उठल्यावर त्याला आठवतही नाही की रात्री काही झालं होतं. हे रात्रीमागून रात्री झालं की हृदयाला त्रास होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी ज्या मार्गदर्शक पातळ्या दिल्या त्यात रस्त्यावरच्या वाहनांचा रात्रीचा आवाज घराबाहेर ४५ डेसिबलच्या खाली ठेवा असं म्हटलंय, आणि पश्चिम युरोपात नुसत्या ट्रॅफिकच्या आवाजाने दरवर्षी निरोगी आयुष्याची किमान १० लाख वर्षं वाया जातात असा अंदाज ह्याच संघटनेने २०११ मध्ये मांडला होता. त्यामुळे "एक दिवस सहन करा ना" म्हणणाऱ्यांना सांगा की हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही, औषध चालू असलेल्या माणसाच्या झोपेचा आहे.

तब्येतीच्या रकान्यात साधं लिहा. सासूबाईंचं आम्ही घरच्या मशीनवर सकाळी ७ ला, चहाच्या आधी, बसून पाच मिनिटं झाल्यावर बीपी घ्यायचो आणि रोज त्याच वेळी घ्यायचो. आवाज असलेल्या रात्रीनंतरही आणि शांत रात्रीनंतरही, दोन्ही. लोक फक्त वाईट दिवसाचं बीपी लिहितात, मग तुलना कशाशी करणार? लहान बाळ असेल तर किती वेळा उठलं, दहावीचं मूल असेल तर किती वाजता झोपलं.

सावधान: आवाजामुळेच बीपी वाढलं असं आपण स्वतः लिहायचं नाही. आकडे लिहायचे, निष्कर्ष डॉक्टरांवर सोडायचा. फॅमिली डॉक्टरांना वही दाखवा, त्यांना योग्य वाटलं तर ते "रुग्णाला शांत झोपेची गरज आहे" एवढं लिहून देतात. ती एक ओळ अर्जाला लावली की अर्जाचं वजन बदलतं.

## ३. मोजणी

रात्री दहानंतरच्या तक्रारीला मोजणी लागत नाही हे वर सांगितलंच. दिवसाच्या आवाजासाठी आणि पाठपुराव्यासाठी मात्र आकडे उपयोगी पडतात, फक्त नीट घेतलेले हवेत.

अॅप. आयफोन असेल तर अमेरिकेच्या नायॉश संस्थेचं मोफत साउंड लेव्हल मीटर अॅप चांगलं आहे. अँड्रॉइडवर फोनागणिक माइक वेगळा त्यामुळे आकडा १० डेसिबलनेही इकडेतिकडे होऊ शकतो. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, फार मोठ्या आवाजाला तो दबून जातो आणि खरं आहे त्यापेक्षा कमी दाखवतो.

तपासा: पहाटे ३ ला पंखा बंद, खिडक्या बंद, शांत खोलीत अॅप लावून बघा. २५ ते ३५ च्या आसपास दिसायला हवं. तिथेच ५० दाखवत असेल तर त्या फोनवर विसंबू नका, दुसरा घ्या.

कुठला आकडा. अॅपवर चार-पाच आकडे नाचत असतात. लोक सगळ्यात मोठा, म्हणजे क्षणभराचा कमाल आकडा स्क्रीनशॉट काढून पाठवतात. तो दार आपटल्यानेही येतो. नियमातली पातळी सरासरीची आहे, अॅपवर ती एलईक्यू किंवा एलएईक्यू नावाने दिसते. निदान १० मिनिटं सलग मोजा आणि तो आकडा लिहा. ही सरासरी साधी बेरीज-भागाकाराची नसते, मोठ्या आवाजाचं पारडं जड असतं. समजा तासातली १० मिनिटं ९० डेसिबलची वरात गेली आणि बाकी ५० मिनिटं ५० डेसिबल शांत होतं, तरी त्या तासाची सरासरी ८२ येते. म्हणजे "दहाच मिनिटं वाजवलं" ह्याला आकड्यात काही अर्थ नाही.

आणि १० डेसिबल म्हणजे थोडंसं नव्हे. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, १० ला दसपट होते, कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. ४५ ची मर्यादा आणि ७५ चा आवाज हा फरक नुसता "तीसने जास्त" असा सांगितला तर कुणाला काही वाटत नाही. हजारपट ऊर्जा आहे असं सांगा, ते खरंच आहे.

कुठे उभं राहायचं. गॅलरीत किंवा गच्चीवर, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंचीवर फोन धरून, हात लांब करून, माइकवर बोट न ठेवता. भिंतीला टेकून मोजलं तर भिंतीवरून परत येणारा आवाज मिळून साधारण ३ डेसिबल जास्त दाखवतो, म्हणून जमेल तेवढं भिंतीपासून लांब, साडेतीन मीटर जागा मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर "गॅलरीतून, भिंतीपासून इतक्या अंतरावर" असं लिहून टाका. वारा जोरात असेल तर त्या दिवशी मोजू नका. तीन ठिकाणची मोजणी घ्या: गॅलरी, झोपायची खोली खिडकी उघडी, तीच खोली खिडकी बंद. आमच्याकडे एका रात्री गॅलरीत ७६, बंद खोलीत ५२, आणि कार्यक्रम नसलेल्या रात्री त्याच वेळी गॅलरीत ४४ आलं होतं. हा शेवटचा आकडा सगळ्यात कामाचा, कारण समोरचा नेहमी म्हणतो की रस्त्याचा आवाजच इतका असतो.

बेसचं काय. काचा थरथरतात, छातीत धडधडतं आणि अॅप मात्र ६०-६५ च दाखवतं, असं तुमच्याकडे झालं असेल तर अॅप बिघडलेलं नाहीये. नियमातली मोजणी "ए" पद्धतीची आहे आणि त्यात खालच्या सुरांचा आवाज मुद्दाम कमी धरतात, ६३ हर्ट्झच्या आसपासचा ढूम-ढूम जवळजवळ २६ डेसिबलने कमी. अॅपमध्ये "सी" निवडता येत असेल तर दोन्ही घ्या आणि दोन्ही वेगवेगळे लिहा. कायद्याच्या तुलनेसाठी ए चाच आकडा द्यायचा, सी चा आकडा मर्यादेशी ताडून बघायचा नाही, तो फक्त बेस किती आहे हे दाखवायला. दोन्हींत १५-२० चा फरक असेल तर अर्जात तसं लिहा.

व्हिडिओ. फोन रेकॉर्डिंग करताना आवाज आपोआप दाबतो, म्हणून व्हिडिओत डीजे मामुली वाटतो. व्हिडिओ आवाज दाखवायला नाही, वेळ आणि जागा दाखवायला काढायचा. आधी घड्याळ, मग न थांबवता खिडकीबाहेर स्पीकरची भिंत, लाइट, जागेचा बोर्ड. एक-दीड मिनिट पुरे. कापाकापी करू नका, व्हॉट्सअॅपवर पाठवलेली कॉपी म्हणजे पुरावा समजू नका, मूळ फाइल फोनमध्ये राहू द्या.

सावधान: मोजायला किंवा शूट करायला कार्यक्रमाच्या जागेत शिरू नका. नाचणाऱ्या लोकांचे, बायकामुलांचे चेहरे घेऊ नका. आपल्या घरातून जे दिसतं तेवढं पुरे.

## ४. त्या रात्री, ह्याच क्रमाने

१. १०:०० ला लगेच फोन करू नका. १०:१० ते १०:१५ पर्यंत थांबा, बरेच जण बंद करत असतात. वहीत वेळ लिहा, व्हिडिओ घ्या.

२. ११२ ला फोन. काय बोलायचं ते आधीच ठरवून ठेवा, नाहीतर आपण सासूबाई, परीक्षा, झोप सगळं सांगत बसतो आणि पत्ता राहून जातो. असं बोला: "अमुक रस्ता, अमुक मंगल कार्यालयाच्या शेजारचं उघडं लॉन, दहा वाजून गेलेत, उघड्यावर लाउडस्पीकर चालू आहे, ध्वनी प्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्रीची बंदी मोडली जातेय, कृपया बंद करा." तक्रारीचा नोंद क्रमांक मागा आणि लिहून घ्या.

३. १५-२० मिनिटांत काही झालं नाही तर आपल्या पोलीस ठाण्याच्या लँडलाइनवर फोन. तो नंबर आजच दिवसा काढून वहीच्या पुठ्ठ्यावर लिहा.

४. पोलीस येऊन गेले, आवाज कमी झाला आणि परत वाढला, तर परत फोन करा. इथे सगळे हार मानतात. दुसरा फोन हीच महत्त्वाची नोंद आहे कारण त्यातून दिसतं की समज देऊनही परत सुरू केलं. पहिल्या तक्रारीचा क्रमांक सांगायचा आणि म्हणायचं "बंद करून परत चालू केलंय".

५. शक्य असेल तर तीन-चार घरांतून वेगवेगळे फोन. एकाच घरातून आठ फोन म्हणजे "ती एक बाई रोज करते".

नाव सांगायची भीती बऱ्याच जणांना वाटते आणि ती चुकीची नाही, शेजारीपाजारी राहायचं असतं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रार्थनास्थळांवरच्या भोंग्यांच्या प्रकरणात पोलिसांना सांगितलंय की तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करा आणि कळली तरी ती उघड करू नका. आधी समज, मग दंड, मग साधनं जप्त असा चढता क्रमही त्यात दिलाय. फोनवर शांतपणे म्हणा, "माझं नाव समोरच्यांना सांगू नका." माझं नाव एकदा सांगितलं गेलं होतं, रात्री पावणेबाराला चौघं जण गेटवर आले होते, वॉचमन काका मध्ये उभे राहिले म्हणून निभावलं. त्यानंतर प्रत्येक फोनची सुरुवात मी ह्याच वाक्याने करते.

सावधान: स्वतः खाली जाऊन भांडू नका. प्यायलेल्या गर्दीपुढे एकटं जायचं नाही, आणि कुणाच्या धर्माबद्दल, जातीबद्दल, सणाबद्दल एक शब्द बोलायचा नाही, ना फोनवर ना सोसायटीच्या ग्रुपवर. तक्रार स्पीकरची आणि वेळेची आहे. ज्या दिवशी ती माणसांची होते त्या दिवशी आवाज बाजूला राहतो आणि वाद उरतो.

## ५. दुसऱ्या दिवशीचा लेखी अर्ज

हीच खरी पायरी, आणि झोप न झाल्यामुळे नेमकी हीच राहून जाते. तीन दिवसांच्या आत द्या. वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावाने, एका पानात, दोन प्रती. एका प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नका. "ठेवून जा, साहेबांना दाखवतो" ह्यावर ठेवून जायचं नाही. अगदीच नाही दिला शिक्का तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, शिवाय ईमेल.

मजकूर साधारण असा:

> विषय: दि. ... रोजी रात्री १० नंतर उघड्या जागेत लाउडस्पीकर वाजवल्याबाबत.
>
> महोदय, दि. ... रोजी ... येथील उघड्या लॉनवर रात्री १०:१५ ते ११:५० लाउडस्पीकर चालू होता. आम्ही १०:१७ व ११:०५ वाजता ११२ वर तक्रार केली, क्रमांक ... व ... . ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० मधील नियम ५ नुसार हा रात्रीच्या बंदीचा भंग आहे. घरात ७६ वर्षांच्या रक्तदाबाच्या रुग्ण आहेत. कृपया (१) केलेल्या कारवाईची लेखी माहिती द्यावी, (२) सदर जागेच्या चालकांना लेखी नोटीस द्यावी. सोबत: वहीच्या नोंदी, मोजणीचा तक्ता, डॉक्टरांची चिठ्ठी.

एवढंच. पाच पानांचं, "आमचं जगणं हराम झालं आहे" असं लिहिलेलं पत्र कुणी पूर्ण वाचत नाही. एक अर्ज, एक तारीख, एक जागा, दोन मागण्या. आधीच्या सहा घटना असतील तर तारखांचा छोटा तक्ता मागे जोडा. सह्या जास्त मिळाल्या तर छान, पण सह्यांसाठी आठवडा घालवू नका. दोन घरांच्या सह्या असलेला वेळेवर गेलेला अर्ज चालतो.

## ६. कागद पुढे सरकवणं

पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर हे करा, एकदम सगळीकडे नाही, एकामागून एक.

आधी माहितीचा अधिकार. पोलीस ठाण्याच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावाने, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, किंवा राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, लोक वीस प्रश्न घालतात आणि तो परत येतो. एवढंच विचारा: अमुक तारखेला अमुक जागेसाठी लाउडस्पीकरची लेखी परवानगी दिली होती का, असल्यास अटींसह प्रत, आणि त्या रात्रीच्या तक्रारींवर काय कारवाई झाली त्याच्या नोंदीची प्रत. उत्तराची मुदत ३० दिवस. आमच्या लॉनकडे बऱ्याच तारखांची परवानगीच नव्हती, हे ह्याच कागदातून कळलं, आणि तिथून सगळं बदललं.

मग त्या कागदासह पोलीस उपायुक्त (शहरात) किंवा पोलीस अधीक्षक (ग्रामीणमध्ये), प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. त्याच मजकुराची तक्रार "आपले सरकार" पोर्टलवर टाकली की टोकन नंबर मिळतो आणि उत्तर द्यावंच लागतं. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला प्रत पाठवा, मोजणीची खरी यंत्रं त्यांच्याकडे असतात.

जागा कायमची आणि त्रास कायमचा असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे सार्वजनिक उपद्रव थांबवायचा अर्ज करता येतो (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, म्हणजे सीआरपीसीचं, कलम १३३). ह्यासाठी वकिलाचा सल्ला घ्या. कोर्टाची पायरी सगळ्यांना चढावी लागत नाही. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर ह्यांनी ती चढली आणि त्यांच्या याचिकेवर ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सविस्तर आदेश दिले, मुंबईत सुमायरा अब्दुलाली वर्षानुवर्षं मिरवणुकांचे डेसिबल मोजून जाहीर करत आल्यात. आपल्याला ठाण्यात जी वाक्यं म्हणता येतात ती अशा लोकांच्या कामामुळे आहेत.

तपासा: प्रत्येक पुढच्या अर्जात मागच्या अर्जाची तारीख आणि आवक क्रमांक आहे ना? नसेल तर तो नवीन अर्ज धरला जातो आणि आपण परत पहिल्या पायरीवर येतो.

## ७. सीझनच्या आधीचं काम

हे कुणीच करत नाही आणि ह्याचाच फायदा सगळ्यात जास्त होतो. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये लग्नाचे मुहूर्त छापलेले असतात. तुळशीच्या लग्नानंतर जे मुहूर्त आहेत ते लाल पेनने खुणा करून ठेवा आणि सीझन सुरू व्हायच्या १५ दिवस आधी पोलीस ठाण्यात एक पानाचं पत्र द्या की ह्या तारखांना ह्या लॉनवर कार्यक्रम असण्याची शक्यता आहे, परवानगीच्या अटी आणि वेळ पाळली जाईल हे बघावं. जागेच्या मालकालाही दिवसा, शांत वेळी, दोघंतिघं मिळून भेटा. आम्ही भेटलो तेव्हा त्यांच्या मॅनेजरनेच सांगितलं की बुकिंगच्या फॉर्मवर वेळ लिहिलेलीच नसते, डीजेवाला पार्टीने आणलेला असतो, त्याला कुणी काही सांगत नाही. फॉर्मवर "साउंड रात्री ९:४५ ला बंद" असं छापून घेतलं आणि स्पीकरची तोंडं बिल्डिंगकडे होती ती रस्त्याकडे वळवली. गणपतीच्या आधी पोलीस ठाण्यात मंडळांची बैठक असते, शांतता समितीची, तिथे जाऊन बसा. मंडळातली पोरं ओळखीची निघतात, स्पीकरपासून दोन फुटांवर तेच आठ-आठ तास उभे असतात.

त्या पोरांनाही हे सांगा: ८५ डेसिबलला आठ तास कान टिकतो असं धरतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. मिरवणुकीनंतर कानात शिट्टी वाजत असेल आणि दुसऱ्या दिवशीही थांबली नाही तर ईएनटीकडे जा. एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं तर त्याच दिवशी जा, "मळ असेल" म्हणून आठवडा घालवू नका, उपचार पहिल्या काही दिवसांतच जास्त लागू पडतात.

## ८. तोपर्यंत घरात

कागद हलायला महिने लागतात, तोवर झोपायचं कसं? ट्रॅफिकच्या आवाजाला तर हाच उपाय.

आधी फटी. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या कडेची केसाळ पट्टी झिजलेली असते, ती बदलून घ्या, दाराच्या खाली रबर लावा. जिथून हवा येते तिथून आवाज येतो. जाड पडदे, भिंतीवर अंड्याचे ट्रे, ह्याने बाहेरचा आवाज अडत नाही, पैसे घालवू नका. रुग्णाची किंवा बाळाची खोली बदलता आली तर आधी ती बदला, रस्त्याच्या उलट्या बाजूला, हा फुकटचा आणि सगळ्यात चांगला उपाय आहे.

कानात कापूस घालून फारसं काही होत नाही. फोमचे इअरप्लग मेडिकलमध्ये मिळतात पण दहातले नऊ जण ते चुकीचे घालतात, नुसतं कानात दाबतात आणि मग म्हणतात उपयोग नाही. आधी हात धुवा. बोटांत गोल फिरवून अगदी बारीक वळी करा. उजव्या कानात घालायचं असेल तर डावा हात डोक्यावरून नेऊन उजवा कान वर आणि मागे ओढा, म्हणजे आतली वाट सरळ होते, मग वळी आत सरकवा आणि बोट टेकवून ३० सेकंद धरा, तोवर ती फुगून बसते. आरशात समोरून बघितल्यावर प्लग बाहेर डोकावत असेल तर तो नीट बसलेला नाही, काढून परत घाला. बेस त्यातूनही थोडा येतोच, तो हाडांतून आणि भिंतींतून येतो.

कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल तर प्लग नको, आधी डॉक्टर. लहान बाळांना प्लग कधीच घालू नका, त्यांच्यासाठी बाहेरून कान झाकणारे इअरमफ मिळतात. आणि घरात रात्री रुग्णाजवळ जो झोपतो त्याने दोन्ही कानांत प्लग घालू नयेत. आमच्याकडे आम्ही पाळी लावली होती, एक दिवस मी, एक दिवस नवरा, आणि ज्याची पाळी त्याच्या उशाशी वही, पेन आणि ११२ लावलेला फोन.